भोंगा वाजत आहे

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: भोंगा वाजत आहे.

सरितानं ती वाचली आणि फ्लॉपी काढायला हात पुढे केला. हात तिथंच थांबला. या मशीनला भोंगा नव्हताच.

भोंगा तर नव्हताच, पण भोंग्याची केबल जिथं लावायची तो दुसरा पोर्टही नव्हता. तिनं उठून डब्याच्या मागं वाकून बोटांनी चाचपून पाहिलं. एक पोर्ट होता, दुसऱ्याच्या जागी पत्र्याची पट्टी. ती परत खुर्चीत येऊन बसली. अक्षरं तशीच होती. एवढ्यात त्यांची जागा दुसऱ्या ओळीनं घेतली: भोंगा वाजला.

शहापूरच्या बाजारात कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर तिचा क्लास होता. सहा कॉम्प्युटर, एक पंखा, भिंतीवर की-बोर्डचं मोठं चित्र. लग्नसराई असल्यानं गुरुवारच्या दहाच्या बॅचला आज कोणी फिरकलं नव्हतं. म्हणून तिनं हे काम काढलं होतं. पाटबंधारे खात्याच्या साहेबांना तिचा प्रोग्राम आणखी एका धरणासाठी हवा होता, त्याची प्रत तयार करून द्यायची होती. प्रत निघते की नाही ते बघण्यापुरताच तिनं तो इथं चालवून पाहिला होता.

मूळ प्रोग्राम चालत होता तो सरळगावच्या पुढं, डोंगराच्या कुशीतल्या खैरपाड्याच्या छोट्या धरणावर. तिचा बा, नथू, तिथं सव्वीस वर्षं चौकीदार होता. उन्हाळी भाताला आणि भेंडीला पंधरा दिवसांनी नदीतून पाणी सोडायचं. त्याआधी भोंगा वाजवायचा, म्हणजे पात्रात कोणी असेल तर वर येईल. मग झडप उघडायची. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी हे कॉम्प्युटरवर करायचं ठरवलं आणि चौकीदाराची मुलगी प्रोग्राम लिहिते हे कळल्यावर तिलाच बोलावलं. तिनं तो त्या केबिनमध्ये बसून लिहिला. बा तिला स्टोव्हवर चहा करून देई आणि मागं उभा राहून बघे.

व्हिज्युअल बेसिकला स्वतः होऊन यंत्राच्या तारेपर्यंत हात घालता येत नाही. त्यासाठी विंडोजच्या पोटातली फंक्शनं असतात, त्यांची नावं आधी सांगून ठेवायची आणि मग त्यांना हाक मारायची. एक फंक्शन पोर्ट उघडतं, दुसरं त्यावर हुकूम पाठवतं. सरितानं पुस्तकात बघून हे जमवलं होतं. पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा झाडावरचे पोपट उडाले होते आणि बा हसला होता.

"आणि एखाद्या येळेला नाय वाजला तर?" त्यानं विचारलं होतं.

"तर इथं लाल अक्षरं येतील, बा. चूक झाली की मशीन सांगतं."

तिनं तशी ओळ लिहिलीही होती: चूक झाली तर लाल अक्षरांकडे जा. आता तिनं तो कोड उघडला आणि ती ओळ वाचली. खाली विंडोजच्या फंक्शनांना मारलेल्या हाका वाचल्या. 

बेसिकमधली चूक असती तर ती ओळ कामी आली असती. विंडोजची फंक्शनं तशी नव्हती. ती ओरडत नाहीत. काम झालं की एक आकडा परत देतात आणि नाही झालं तरी आकडाच परत देतात, फक्त दुसरा. तो घेऊन बघायचा असतो. तिनं कुठंच घेतला नव्हता. हाक मारली होती आणि उत्तराची वाट न बघता पुढची ओळ लिहिली होती: भोंगा वाजत आहे.

खैरपाड्याच्या मशीनला दोन पोर्ट होते. झडपेचा मूळचा, भोंग्याचा नंतर बसवलेल्या कार्डावरचा. ते कार्ड नुसतं खाचेतून ढिलं झालं असलं, तरी भोंगा गप राहील, अक्षरं हिरवी येतील आणि झडप मात्र बरोबर वेळेवर उघडेल.

फेब्रुवारीत बानं क्लासवर फोन केला होता. "भोंगा आज बोलला नाय गो."

"पडद्यावर काय होतं?"

"हिरवं."

"मग वाजला असेल. वारा असेल, ऐकू आला नसेल. कानही बघायला हवेत तुमचे एकदा."

मग तो म्हणाला होता, "मी त्याच्या खालीच उभा व्हतो." आणि फोन ठेवला होता. तेव्हा तिला त्याचं बोलणं म्हाताऱ्याचा हट्ट वाटला होता, कारण भोंगा आल्यावरही त्यानं रूळ वाजवायचा सोडला नव्हता. दहा दिवसांनी त्याला ताप भरला. ठाण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

रूळ म्हणजे केबिनसमोरच्या करंजाला टांगलेला आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा. पाणी सोडण्याआधी बा त्यावर पहारीनं टोले द्यायचा आणि कान देऊन उभा राहायचा. खाली नदीकाठच्या वाडीत, सरिता जिला आत्या म्हणे त्या बाईजाच्या ओट्यावर नांगराचा जुना फाळ टांगलेला होता. पात्र बघून वाडीतलं कोणीतरी त्यावर उलट टोले देई: तीन आले तर पात्र मोकळं आहे. दोन आले तर थांब, कोणीतरी आत आहे. काहीच आलं नाही तर तो स्वतः उतरून जायचा. साहेब एकदा म्हणाले होते, "नथू, तुझा भोंगा आता अर्ध्या कोसावर ऐकू जातो रे. कशाला दगदग?" बा म्हणाला होता, "साहेब, आपण हाक मारली म्हंजे झालं नाय. पल्याडून ओ येते का ते बघाया लागतं." साहेब हसले होते. सरिताही हसली होती, कारण साहेब हसले होते.

आता रूळ वाजवायला कोणी नव्हतं. बाच्या जागी चांगो आला होता. माणूस वाईट नव्हता, पण सगळं मशीन करतं असंच त्याला सांगितलेलं होतं, त्यामुळे तो तारखेला केबिनमध्ये असेलच असं नव्हतं.

गेल्या रविवारी ती वाडीवर गेली होती तेव्हा बाईजा येऊन बसली होती. रडून झाल्यावर पदरानं नाक पुसत म्हणाली होती, "मागल्या टायमाला पानी आलं ते मुक्यानंच आलं गो. माझा हंडा गेला व्हावत. नथूदादा असता तर हंडा बुडला नसता."

"भोंगा वाजतो, आत्या. तू लांब असशील."

"असंन बाय. आमी अडानी," बाईजा म्हणाली होती, आणि तिच्याकडे न बघता कुडाला टेकून बसली होती.

सरितानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दहा वाजून बारा मिनिटं.

आज गुरुवार. आज पाणी सुटायचं होतं. आणि संध्याकाळी भारनियमन असतं, मोटर चालत नाही, म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून रविवारी तिनंच झडपेची वेळ चारवरून दुपारी बारावर आणली होती. चार वाजता पात्रात कोणी नसतं. पण मार्च सरला की वाडीची विहीर आटते, मग बायका पात्रातल्या वाळूत पुरुषभर खड्डे खणतात आणि आत उतरून, झिरपणारं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरत बसतात. एक हंडा भरायला तास जातो. सकाळी लावलेला नंबर बारा-एकला लागतो. वाडीला वार आणि तारीख कधी कोणी सांगितली नव्हती. तशी गरजच पडली नव्हती, रूळ होता.

तिनं केबिनचा फोन लावला. घंटा वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. परत लावला. साहेबांचा मोबाइल संपर्काच्या बाहेर होता. मुरबाडच्या कार्यालयात एका कारकुनानं फोन उचलला.

"साहेब ठाण्याला मीटिंगला गेलेत."

"मग कोणाला तरी खैरपाड्याला पाठवा. बाराचं पाणी थांबवायला हवं."

"लेखी आहे का काही?"

"लेखी नाही. भोंगा बंद आहे. मी प्रोग्राम लिहिलाय तो, मी सांगते ना."

"मॅडम, तिथं चौकीदार आहे. आणि सिस्टम ऑटोमॅटिक आहे," कारकून शांतपणे म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका."

साडेदहाला तिनं क्लासला कुलूप लावलं. बाची एम-एटी स्कूटर खाली उभी होती. तो गेल्यापासून तीच चालवत होती. किन्हवलीचा रस्ता धरेपर्यंत तिच्या मनात हिशेब चालू होता. सरळगावापर्यंत पाऊण तास, पुढचा रस्ता खडीचा, तिथं गाडी पळत नाही. अकरा चाळीस. फार तर पावणेबारा. पावणेबाराला पहिला भोंगा, मग पाच-पाच मिनिटांनी दोन, बाराला झडप.

किन्हवलीत बूथवर थांबून तिनं पुन्हा केबिनला फोन लावला. घंटा जात होती. बूथवाला तिच्या तोंडाकडे बघत होता. "कोणी आजारी हाय का?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली, हो की नाही ते तिलाच कळलं नाही.

पुढं रस्त्यात एक वरात आडवी आली. बँजो, नाचणारी पोरं, मागं टेम्पोत बायका. सरितानं हॉर्न दाबला. एक फेटेवाला हात जोडून म्हणाला, "ताई, लगीन हाय, जरा दमानं." तिनं गाडी शेताच्या बांधावर घालून, ढेकळांतून पुढं काढली. कदाचित आज कार्ड बरोबर बसलेलं असेल, तिनं मनाशी म्हटलं. कदाचित भोंगा वाजेल आणि आपण वेड्यासारख्या तिथं उभ्या असू. असं व्हावं असं तिला फार वाटलं. पण मी त्याच्या खालीच उभा व्हतो, हे वाक्य त्यावर पुन्हा पुन्हा येऊन बसत होतं.

ती पोचली तेव्हा केबिनला कुलूप होतं.

"चांगोदादा," तिनं हाक मारली. कोणी नव्हतं. खिडकीचं तावदान उघडं होतं, आत गज. गजाला तोंड लावून तिनं पाहिलं. समोरच्या भिंतीवर मेन स्विच, डाव्या हाताला टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. पडद्यावर अकरा सत्तेचाळीस. आणि वर, ठसठशीत, तिनं स्वतः निवडलेल्या मोठ्या टायपात: भोंगा वाजत आहे.

डोक्यावर, छपरावर, भोंग्याचं करडं तोंड नदीकडे वळलेलं होतं. त्यातून काही येत नव्हतं. करंजाचं एक पान पत्र्यावर पडलं, तेवढं ऐकू आलं.

पहार आत कुलपात होती. सरितानं दगड उचलला आणि रुळावर मारला. आवाज नुसता ठप्प झाला. मग तिनं गाडीच्या डिकीतला पाना काढला. पहिला घाव निसटून मनगटाला झिणझिण्या आल्या. दुसरा बसला. आवाज बाच्या टोल्यांइतका भरीव नव्हता, बारीक होता, पण लोखंडाचा होता. तिनं तीन मारले. थांबली. आणखी तीन मारले.

आणि कान दिला.

बा असा उभा राहायचा तेव्हा तोंड थोडं उघडं ठेवायचा. लहानपणी तिनं विचारलं होतं तर म्हणाला होता, श्वासाचा आवाज मधी येतो. तिनं तोंड उघडं ठेवलं. खालून काही आलं नाही. नदी इथून दिसत नव्हती, मधे साग आणि ऐनाची झाडी होती. उतरून जायला दहा मिनिटं लागली असती. पडद्यावर अकरा एक्कावन्न होते आणि दुसऱ्या भोंग्याचं वाक्य संपत होतं.

तिनं पुन्हा मारले. तीन, आणि तीन, आणि तीन. पान्यानं तळहाताचं कातडं सोललं. थांबली.

खालून, खूप लांबून, एक टोला आला. मग दुसरा. तिनं तिसऱ्याची वाट पाहिली. तिसरा आला नाही.

दोन. थांब, कोणीतरी आत आहे.

बा असता तर थांबला असता. मशीनला थांब कोण सांगणार? तिनं कुलूप ओढलं, पान्यानं कोयंड्यावर चार घाव घातले. कुलूप सरकारी होतं, हललंही नाही. ती खिडकीशी आली. मेन स्विचचा दांडा समोर होता, सात-आठ हातांवर. तो खाली ओढला की मोटरची वीज जाते, झडप जागची हलत नाही. सात-आठ हात.

छपराच्या वळचणीला बाची आकडी अजून तशीच खोचलेली होती. शेंड्याला तारेचा वाकडा हूक बांधलेला लांब बांबू. करंजाच्या वाळक्या फांद्या रुळाला लागू नयेत म्हणून तो त्या ओढून काढायचा. सरितानं ती उपसली आणि गजांतून आत घातली. बांबू लांब, हात गजात अडकलेला, शेंडा हवेत डुलत राहिला. हूक दांड्यावरून घसरला. पुन्हा घसरला. अकरा अठ्ठावन्न. तिनं डोळ्यांतला घाम खांद्याला पुसला, आकडी भिंतीला टेकवली आणि हूक वरून खाली, अगदी सावकाश, दांड्यावर आणला. घाई केली असती तर तो पुन्हा सुटला असता. बसला. तिनं सगळा भार देऊन ओढलं.

खटका पडला. पंखा थांबला, भिंतीवरचा बल्ब गेला.

कॉम्प्युटर मात्र त्याच्या बॅटरीवर चालू राहिला. सरिता गजाला धरून बघत राहिली. बारा वाजले. अक्षरं बदलली: झडप उघडत आहे.

तिनं धरणाच्या भिंतीकडे पाहिलं. मोटर गप होती. खालच्या तोंडाशी दगड कोरडे होते, त्यावर एक सरडा मान वर-खाली करत होता.

झडप उघडली, पडद्यावर आलं.

पायवाटेनं कोणीतरी धावत येत होतं. चांगो होता. कपाळापासून गळ्यापर्यंत हळदीनं माखलेला, हातात चपला.

"रूळ कोनी वाजवला?" तो धापा टाकत म्हणाला. "भाच्याच्या हळदीला व्हतो. नथूदादा तर गेला, म्हटलं रूळ कोन वाजवतं. म्हातारी मानसं पार उठून उभी रायली."

"किल्ली द्या."

कुलूप उघडलं. ती आधी मेन स्विचपाशी गेली आणि दांडा खालीच आहे ना ते हातानं दाबून पाहिलं.

"मीच वाजवला," ती मग म्हणाली. "भोंगा बंद आहे, दादा. फेब्रुवारीपासून. कदाचित त्याच्याही आधीपासून."

चांगोनं पडद्याकडे पाहिलं. "पन हितं तर..."

"इथं खोटं येतं. माझी चूक आहे."

चपला खाली ठेवून त्यानं त्या पायात घातल्या. "पानी सोडू का मग? शेतकरी वाट बघत असतील. हाताच्या चाकानं सुटतं."

"थांबा."

दोघं करंजाखाली येऊन उभी राहिली. ऊन डोक्यावर होतं. चांगोला दोनदा काहीतरी विचारायचं होतं, तिनं हातानंच थांबवलं. पंधरा मिनिटं गेली असतील. खालून एक टोला आला. दुसरा आला. सरितानं पाना घट्ट धरला. मग तिसरा आला, जरा उशिरानं, पण स्पष्ट.

"आता सोडा," ती म्हणाली.

चांगो चाक फिरवायला गेला. खाली पाण्याचा आवाज सुरू झाला तेव्हा ती रुळाखाली मातीत बसली.

थोड्या वेळानं बाईजा वर आली. डोक्यावर हंडा नव्हता, लुगडं गुडघ्यापर्यंत ओल्या वाळूनं भरलेलं. तीच होती खड्ड्यात. तिचा गुडघा धरला होता आणि चौघींनी मिळून दोरानं तिला वर काढली होती. ती सरिताच्या शेजारी बसली. सोललेला तळहात तिनं स्वतःच्या मांडीवर घेऊन पाहिला.

"बापावानी वाजवत नाय हां तू," ती म्हणाली. "आमाला वाटलं लोहार आला."

"आत्या, रविवारी मी तुला म्हटलं की तू लांब असशील."

"म्हनलीस खरी," बाईजा म्हणाली. तिनं हात सोडला नाही.

दुपारी वीज चालू करून सरिता त्या मशीनसमोर बसली. कार्ड खाचेतून एका बाजूनं उचललेलं होतं, ते तिनं मुद्दाम तसंच ठेवलं. प्रोग्राम उघडला. जिथं जिथं विंडोजला हाक मारली होती, तिथं तिथं ओळीच्या सुरुवातीला तिनं उत्तर घ्यायला एक नाव लिहिलं आणि खालच्या ओळीत ते तपासलं. अकरा ठिकाणी. काम फार नव्हतं. दोन वर्षांपूर्वीही ते तेवढंच होतं. मग झडपेची जोड काढून ठेवून तिनं प्रोग्राम चालवला.

पडद्यावर लाल अक्षरं आली: भोंगा वाजला नाही.

चांगो मागं उभा होता. "बिघडलं का?"

"नाही," ती म्हणाली. ती अक्षरं बंद करायला तिला जरा वेळ लागला.

मग तिनं कार्ड दाबून बसवलं. भोंगा वाजला, इतका मोठा की चांगोनं कानावर हात ठेवले. तो थांबल्यावर पडद्यावर एक नवीन चौकट आली. ती तिनं सगळ्यात शेवटी घातली होती. त्यात लिहिलं होतं: वाडीवरून तीन टोले आले का? खाली दोन बटणं होती, हो आणि नाही. त्यांतलं एक दाबेपर्यंत प्रोग्राम पुढं जात नव्हता.

चांगोनं वाकून, एकेक अक्षर लावत ते वाचलं.

"ह्याला कसं कळंल, टोले आले का नाय ते?"

"त्याला नाही कळणार," सरिता म्हणाली. "तुम्ही ऐकायचं, आणि त्याला सांगायचं."

तिनं कोपऱ्यातली पहार उचलली, बाहेर नेली आणि करंजाच्या बुंध्याशी, कुलपाच्या बाहेर, उभी करून ठेवली.